जुन्या मोटारीचे ब्रेक आणि पास्कलचा नियम

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत पेणला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत, गणपतीच्या रबरी साच्यांच्या ढिगाशेजारी, ताडपत्रीखाली एक मोटार उभी होती. १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट. स्नेह्यांच्या वडिलांनी ती हौसेने घेतली होती. ते गेल्यावर ती पंधरा वर्षे जागची हलली नव्हती. स्नेह्यांचा अकरावीतला मुलगा आणि त्याचे काका यांनी ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा घाट घातला होता. इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. पेट्रोलची टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला, नवी बॅटरी जोडली आणि दुसऱ्या दिवशी इंजिन धडधडू लागले. घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मुलाने ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल कसलाही विरोध न करता थेट खाली पत्र्याला जाऊन टेकले.

"सर, आता ब्रेकचे सामान आणले की झाले," मुलगा म्हणाला. ते सामान मिळण्यास पुढे अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत पास्कल, बॉईल, उष्णतेने होणारे प्रसरण आणि रबराचे रसायन असा त्याचा बराच अभ्यास झाला. तोच येथे सांगायचा आहे.

प्रथम ब्रेक काम कसे करतो ते पाहू. फियाटच्या चारही चाकांना ड्रम-ब्रेक असतात. चाकाबरोबर बिडाचे एक पसरट भांडे फिरते, तो ड्रम. त्याच्या आत दोन अर्धचंद्राकृती शू असतात. त्यांवर घर्षण करणारे अस्तर, म्हणजे लायनर, रिव्हेटांनी बसवलेले असते. शू बाहेरच्या बाजूला फाकले की लायनर ड्रमवर घासतो व चाक थांबते. शू फाकवण्याचे काम चाकाजवळचा एक लहान सिलिंडर करतो आणि त्याला हुकूम येतो तो पेडलाजवळच्या मास्टर सिलिंडरकडून. दोहोंना जोडणाऱ्या बारीक नळ्या ब्रेक-ऑइलने भरलेल्या असतात. तारा नाहीत, साखळ्या नाहीत, मध्ये आहे तो केवळ एक द्रव. माल्कम लॉकहीड या अमेरिकन यंत्रज्ञाने अशा द्रवचलित ब्रेकचे पेटंट १९१७ साली मिळवले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांना बसले. मूळ तत्त्व मात्र सतराव्या शतकातले. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, असे पास्कलने दाखवून दिले होते.

आता थोडे आकडे घेऊ. पायाने आपण पेडलावर २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलोग्रॅम वजनाइतके बल लावतो असे समजा. पेडल ही एक तरफ आहे. ती बल पाचपट करते असे धरले तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १००० न्यूटन बल पडेल. दट्ट्याचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १.९०५ सें.मी. असेल तर त्याचे क्षेत्रफळ २.८५ चौ.सें.मी. होते आणि द्रवातील दाब दर चौ.सें.मी.ला ३५१ न्यूटन येतो. हा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३५ पट झाला. चाकाजवळच्या सिलिंडरचा व्यास एक इंच असेल तर त्याच्या ५.०७ चौ.सें.मी. क्षेत्रफळावर सुमारे १७८० न्यूटन बल मिळेल. पायाने दिले वीस किलो, शूला मिळाले एकशे ऐंशी किलो, आणि तेही प्रत्येक शूला. मात्र पेडल काही सेंटिमीटर सरकते तेव्हा शू मिलिमीटरच्या आसपासच सरकतो. ऊर्जा कोठूनही फुकट मिळत नाही.

त्या काळच्या बहुतेक मोटारींत चारही चाकांसाठी एकच मास्टर सिलिंडर आणि तेलाचा एकच मार्ग असे. कोठेही एक वॉशर फाटला तर चारही ब्रेक एकदम जातात. पुढे तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याची पद्धत आली ती याच कारणाने. म्हणून जुन्या गाडीत 'तीन चाकांचे ब्रेक ठीक आहेत, चौथ्याचे पुढे पाहू' हा विचार मनातही आणू नये.

सामान का मिळत नाही, याचीही एक हकिकत आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ मध्ये डिलाइट आली व १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. या शतकाच्या तोंडाशी तिचे उत्पादन थांबले. तरीही सुटे भाग मिळत राहिले, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. रोज शेकडो वेळा ब्रेक मारणाऱ्या हजारो टॅक्सी रस्त्यावर असल्या म्हणजे ब्रेकचे सामान बनवणारे कारखाने आणि विकणारी दुकाने आपोआप तग धरतात. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची ती मर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि त्याबरोबर नेहमीचे गिऱ्हाइकही संपले. आता कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा चोर बाजारात एखाद्या फळीवर जुनी खोकी सापडतात. त्यांत काय आहे हे मात्र उघडून, मोजून पाहावे लागते.

मुलाच्या काकांनी मोजले नाही. त्यांनी मुंबईहून एक नवा कोरा मास्टर सिलिंडर आणला. आकार तोच, बोल्टची भोके तीच. तो बसवला, तेल भरले, हवा काढली. पेडल दगडासारखे घट्ट झाले. काका खूश. "बघा सर, नव्या गाडीसारखा ब्रेक!" मी त्यांना गाडी अंगणातच सावकाश पुढे नेऊन थांबवायला सांगितले. थांबली, पण काकांना पाय चांगलाच रोवावा लागला. सिलिंडर पुन्हा काढून व्हर्नियरने मोजला. जुन्याचा आतला व्यास पाऊण इंच होता, नव्याचा सात-अष्टमांश.

इंचाच्या आठव्या भागाचा हा फरक किरकोळ वाटतो. परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३/४ आणि ७/८ यांच्या वर्गांचे गुणोत्तर ३६:४९ आहे. क्षेत्रफळ ३.८८ चौ.सें.मी. झाले, म्हणून त्याच १००० न्यूटन बलाने दाब निर्माण होतो तो अवघा २५८ न्यूटन. जवळजवळ २७ टक्के कमी. पहिल्याइतकाच ब्रेक लागण्यासाठी पायाने २० ऐवजी २७ किलो लावले पाहिजेत. मग पेडल घट्ट का लागले? शू ड्रमला टेकेपर्यंत ३ घ.सें.मी. तेल ढकलावे लागते असे समजू. लहान सिलिंडरमध्ये त्यासाठी दट्ट्या १.०५ सें.मी. सरकतो आणि पेडल त्याच्या पाचपट, म्हणजे सव्वापाच सें.मी. मोठ्या सिलिंडरमध्ये पेडल चार सें.मी.च्या आतच अडते. पेडल थोडक्यात अडले की माणसाला वाटते ब्रेक उत्तम आहे. प्रत्यक्षात तो कमजोर झालेला असतो. धोका आहे आणि तो सुखाच्या वेषात येतो! अंगणात याने काही बिघडत नाही. पण वडखळच्या रस्त्यावर पुढे अचानक गुरे आडवी आली म्हणजे त्या सात किलोंना महत्त्व येते. पुष्कळदा सिलिंडरच्या अंगावरच ओतीव आकड्यांत व्यास लिहिलेला असतो. दुकानात जाताना चष्मा व व्हर्नियर बरोबर न्यावा, हे काकांना आता मान्य आहे.

योग्य मापाचा नवा सिलिंडर मिळेना. तेव्हा जुनाच दुरुस्त करावा असे ठरले. त्याची अवस्था वाईट होती. याला आपले कोकणही थोडे जबाबदार आहे. साधे ब्रेक-ऑइल हे खनिज तेल नव्हे. ते ग्लायकॉल वर्गातील रसायनांचे मिश्रण असते आणि हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. पेणसारख्या गावी, खाडीजवळ, पावसाळ्याचे चार महिने दमट हवेत उभ्या असलेल्या गाडीच्या तेलात पंधरा वर्षांत किती पाणी मुरले असेल! त्या पाण्याने बीड गंजते. रबरी वॉशर जेथे वर्षानुवर्षे टेकून राहिला होता तेथेच सिलिंडरच्या भिंतीला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. हा वॉशर कपासारखा असतो. द्रवाचा दाब वाढला की त्याची कड फुलून भिंतीला अधिकच घट्ट चिकटते, म्हणजे गळती थांबवण्याचे काम दाबच करतो. मोठी सुबक युक्ती आहे ती. पण भिंत खडबडीत असेल तर तीच कड खड्ड्यांवर घासून कापली जाते.

खड्डे बारीक असतील तर घासदगडांनी घोटून भिंत गुळगुळीत करता येते. मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे नाही. त्याहून जास्त घोटले तर दट्ट्या व भिंत यांतील फट वाढते आणि दाबाखाली वॉशरची कड त्या फटीत शिरून फाटते. येथे खड्डे खोल होते. उपाय एकच, बाही बसवणे, ज्याला कारागीर 'स्लीव्ह मारणे' म्हणतात. सिलिंडर आतून मोठा करायचा, त्यात पितळेची नळी घट्ट बसवायची आणि ती नळी आतून मूळच्या मापाला कातायची.

हे काम पेणला न होता रोह्याला झाले. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे रासायनिक कारखाने आहेत. रासायनिक कारखाना म्हटला की पंप आले, आणि पंप आले की गंजलेले दांडे व झिजलेल्या बाह्या आल्या. त्या बदलणे हे तेथील लेथवाल्यांचे रोजचे काम. मुलगा सिलिंडर पिशवीत घालून गाडीने रोह्याला गेला (आगगाडीने, हे सांगायला नको). लेथवर काम करणारे गृहस्थ शाळा नववीत सोडलेले. पण मिलिमीटरचा शतांश बोटाला कळतो म्हणतात तसे. त्यांनी चाकाचा सिलिंडर आतून २९ मि.मी. केला आणि बाही बाहेरून २९.०३ मि.मी. ठेवली. मुलगा म्हणाला, "काका, ही आत जाणार कशी?" काकांनी सिलिंडर भट्टीशेजारी तापत ठेवला व त्याला चहा प्यायला बसवले.

हिशेब करून पाहा. बिडाचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००११ आहे. तापमान १५० अंशांनी वाढवले तर २९ मि.मी.चे भोक २९ × ०.००००११ × १५० म्हणजे जवळजवळ ०.०५ मि.मी.ने मोठे होते. (तापल्यावर भोक मोठे होते की लहान, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग चुकतो.) थंड बाही त्यात अलगद उतरली आणि सिलिंडर निवल्यावर अशी आवळली गेली की ती बाहेर काढायची तर कापावीच लागेल. पुढे ब्रेक तापले म्हणजे ती सैल होईल काय? नाही. पितळ बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते, त्यामुळे गरम झाल्यावर ती अधिकच घट्ट बसते.

एक बारकावा येथे सांगितलाच पाहिजे. मास्टर सिलिंडरच्या भिंतीला टाकीतून तेल येण्यासाठी एक अगदी बारीक, मिलिमीटरहूनही लहान भोक असते. पेडल सोडल्यावर जादा तेल याच वाटेने टाकीत परतते. बाही बसवताना हे भोक झाकले गेले, किंवा दोन मिलिमीटर पुढेमागे पडले, तर तेल कोंडून राहते, तापून फुगते आणि चालत्या गाडीचे ब्रेक आपोआप आवळत जातात. जुन्या सिलिंडरवरून त्या भोकाचे अंतर आधीच मोजून वहीत लिहिले होते, म्हणून निभावले.

नळ्यांच्या बाबतीतही एक सापळा आहे. फियाट इटालियन, म्हणून तिचे आटे मेट्रिक. अँबॅसडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून तिच्याकडे इंचाचे आटे. तीन-अष्टमांश इंचाचा नट ९.५२५ मि.मी. व्यासाचा असतो आणि इंचाला २४ आटे म्हणजे दोन आट्यांत १.०६ मि.मी. अंतर. १० मि.मी.च्या बारीक मेट्रिक आट्यांत हेच अंतर १ मि.मी. असते. दोन्ही इतके जवळचे की इंचाचा नट मेट्रिक भोकात जातो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो. पण तो आट्यांच्या टोकांवर लटकलेला असतो. पस्तीस वातावरणांचा दाब आला की निसटतो. हाताने नट सहज फिरतो की डुगडुगतो, एवढे तपासले तरी हा फरक कळतो. तसेच फ्रिज-दुरुस्तीची तांब्याची नळी या कामी वापरू नये. कंपनांनी शुद्ध तांबे कडक होऊन चिरते.

आता तेलाकडे वळू, कारण सर्वांत जास्त चुका येथे होतात. गाडी थांबवणे म्हणजे तिची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलणे. गाडी व चार माणसे मिळून ११५० कि.ग्रॅ. धरा. ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ऊर्जा निघते सुमारे १,६०,००० ज्यूल. एवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला येईल, आणि हे एकदा थांबण्यात! खंडाळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीमार्गे पेणला यायचे तर गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. तेव्हा ११५० × ९.८ × ५०० म्हणजे ५६ लाख ज्यूल, पस्तीस वेळा थांबण्याइतकी ऊर्जा कोठेतरी गेली पाहिजे. हलक्या गिअरमध्ये उतरले तर तिचा बराच भाग इंजिन खाते. गिअर काढून ब्रेकवर उतरले तर सगळी ड्रममध्ये जाते आणि ड्रमला चिकटून तेलाचा सिलिंडर आहे.

डॉट ३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंशांना तरी उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० वर येते. (डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत.) उकळल्याने काय बिघडते? वाफेचा बुडबुडा तयार होतो. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो, सारी मेख येथे आहे. नळीत ५ घ.सें.मी. वायू असेल तर दाब ३५ वातावरणांनी वाढेपर्यंत बॉईलच्या नियमाने त्याचे आकारमान छत्तिसाव्या हिश्शावर, ०.१४ घ.सें.मी.वर येते. म्हणजे पेडलाने ४.८६ घ.सें.मी. जास्तीचे तेल ढकलले पाहिजे. आपल्या पाऊण इंची सिलिंडरमध्ये पेडलाला त्यासाठी साडेआठ सें.मी. जादा प्रवास करावा लागेल. तेवढी जागा पेडलाखाली नसतेच. साधी हवा राहिली तरी परिणाम हाच, म्हणून तेल भरल्यावर प्रत्येक चाकाच्या बोंडीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हवा काढतात. बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, आपल्याकडे मागच्या डाव्या चाकापासून, सुरुवात करतात. घाटात पेडल एकाएकी मऊ झाले आणि खाली आल्यावर तासाभराने पुन्हा ठीक झाले, अशी तक्रार ऐकली की तेल जुने आहे असे समजावे. दर दोन वर्षांनी ते बदलावे. उघडलेला डबा जपून ठेवू नये.

आणि ब्रेकच्या टाकीत इंजिनचे तेल कधीही, थोडेसेसुद्धा, घालू नये. ब्रेकच्या वॉशरचे रबर ग्लायकॉलात टिकेल असे निवडलेले असते. खनिज तेल त्यात शिरते, रबर फुगते, मऊ पडते, आणि दट्ट्या जागीच अडकतो. पुष्कळ वर्षे दुकानात पडून राहिलेली वॉशरची किटेही घेऊ नयेत. पाकीट न उघडताही रबर कडक होते. कड चिमटीत वाकवून पाहावी. बारीक चिरा दिसल्या तर परत द्यावे. गाडीतली एकच वस्तू नवीन घ्यायची असेल तर ती ही घ्यावी, असे माझे मत आहे.

हे शाळेत पाहता येईल. सायकलची जुन्या धाटणीची रबरी व्हॉल्व्ह-ट्यूब घ्या. तिचे पाच-पाच सें.मी.चे दोन तुकडे करा. एक झाकणाच्या बाटलीत डिझेलमध्ये व दुसरा ब्रेक-ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी चिमट्याने काढून, पुसून लांबी मोजा. शिक्षकांना बरोबर घ्या, जवळ ज्योत नको, आणि ब्रेक-ऑइल बाकावर सांडू देऊ नका. ते रंग उतरवते. पेणच्या मुलाने हा प्रयोग केला, तेव्हा डिझेलमधला तुकडा सकाळी वळवळणाऱ्या किड्यासारखा फुगलेला होता आणि त्याच्या आजीने तो बाटलीसकट फेकून दिला.

राहिले लायनर. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेले तर बाहेर निघत नाहीत आणि पुढे गंभीर रोग होतात. ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी फुंकर मारून किंवा पंपाच्या हवेने उडवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती अत्यंत वाईट. ओल्या फडक्याने भुकटी टिपावी व फडके पिशवीत बांधून टाकावे. नवे, ॲस्बेस्टॉसविरहित लायनर जुन्याच शूंवर रिव्हेट करून मिळाले. ड्रम लेथवर कातून घेतला होता, त्यामुळे त्याचा व्यास किंचित वाढला होता आणि शूचा बाक त्याच्याशी जुळेना. लायनरचा फक्त मधला भाग टेकत होता. लायनरवर खडू फासून चाक हाताने फिरवले की नेमके कोठे टेकते ते दिसते. दोन दिवस कानसीने घासून ते जुळवले.

जुलैच्या शेवटी, पाऊस उघडलेला पाहून, गाडी पेणच्या बाहेर एका मोकळ्या रस्त्यावर नेली. ताशी २० कि.मी.ला ब्रेक मारला, गाडी उजवीकडे ओढली गेली. डाव्या पुढच्या चाकाचे लायनर अजून नीट टेकत नव्हते. परत आलो, ड्रम काढला, पुन्हा खडू लावला.